शनवार तेल्याचा टॅकल

एझरा किहीमकरला आयुष्यभर सगळ्यात जास्त वैताग कुणी आणला असेल, तर खाली बघणाऱ्या माणसांनी. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सामानाच्या शेडमध्ये त्याने एकतीस वर्षं काढली. पहिली अकरा वर्षं बॅगा उचलण्यात गेली आणि उरलेली वीस वर्षं बॅगा कशा उचलायच्या हे नव्या लोकांना शिकवण्यात. दर सोमवारी नवी तुकडी यायची, आणि दर सोमवारी एझरा तेच सांगायचा. गुडघे वाकवा, पाठ वाकवू नका. मान वर, नजर समोर. जमिनीकडे बघाल तर पाठ आपोआप गोल होईल आणि मणका जाईल. लोक माना डोलवायचे, बॅगेपाशी जायचे आणि तिच्यात पडलेलं नाणं शोधावं तसे खाली बघून वाकायचे. एझरा डोळे मिटून दहा आकडे मोजायचा आणि म्हणायचा, "पुन्हा."

त्याचा एक नियम मात्र कुणी मोडलेला नव्हता. पहिल्या चार दिवसांचं शिक्षण झाल्याशिवाय माणूस बॅगांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहणार नाही. उन्हाळ्याच्या गर्दीत माणसं कमी पडली, सुपरवायझर हातापाया पडला, तरी नाही. मूळ शिकलं नाही तर पुढचं सगळं चुकीचंच शिकलं जातं, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. पण हे खरं त्याला आपल्या घरात का दिसलं नाही, त्याचीच ही हकिकत आहे.

किहीम हे अलिबागजवळचं गाव. तिथल्या बेने इस्राएल ज्यूंना कोकणात सगळे 'शनवार तेली' म्हणायचे. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवार म्हणजे शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. बैलालाही सुट्टी. एझराच्या पणजोबांनी घाणा सोडून ठाणे गाठलं, एझराने ठाणे सोडून १९९० साली हाउन्सलो गाठलं, पण शनिवार कुणी सोडला नाही. एझरा काही फार कर्मठ नव्हता. दिवा लावायचा की नाही यावर तो वाद घालत बसत नसे. पण शनिवारी काम नाही, गाडी नाही, खिशात पैसे नाहीत, हे ठरलेलं. विमानतळावर शनिवार मोकळा मिळावा म्हणून त्याने एकतीस वर्षं ख्रिसमसची प्रत्येक ड्यूटी केली. सहकाऱ्यांना त्याचं कौतुक होतं आणि सोयही होती.

मुलगा इथन तेरा वर्षांचा असताना शाळेच्या पीटी सरांनी फोन केला. पोरगा दणकट आहे, रग्बीच्या संघात हवा आहे. सामने शनिवारी सकाळी. एझरा कोट घालून शाळेत गेला आणि नाही म्हणून आला. पुढे क्रिकेटचं तसंच झालं, कारण क्लबचे सामनेही शनिवारी. इथन दरवेळी "ओके डॅड" म्हणायचा आणि जिने चढून खोलीत जायचा. त्याची आई ज्युलिएट स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे नुसती बघायची. ती मुंबईची, भायखळ्याची. तिचं बघणं पुरेसं असायचं.

म्हणून इथन बाविसाव्या वर्षी एका बुधवारी घरी येऊन म्हणाला, "डॅड, अमेरिकन फुटबॉल. इकडे सगळे मॅचेस संडेला असतात," तेव्हा एझराला झालेला आनंद विचारू नका. नऊ वर्षांचं ओझं उतरलं. तो स्वतः मुलाबरोबर हाउन्सलो हेरन्स या क्लबवर गेला. क्लब म्हणजे शाळेचं भाड्याचं मैदान, सामान ठेवायचा एक कंटेनर आणि क्लाइव्ह नावाचा कोच. क्लाइव्ह सकाळी टपाल वाटायचा आणि उरलेल्या वेळात या पोरांच्या मागे असायचा. पूर्वी तो रग्बी खेळलेला होता, टकरा खाऊन खाऊन त्याचा एक कान अजून फुलकोबीसारखा होता. त्याने सांगितलं, बुधवारी संध्याकाळी डावपेच आणि धावणं, रविवारी सामना, आणि शनिवारी सकाळी... एझराने हात वर करून त्याला थांबवलं. शनिवार नाही. आमच्याकडे शनिवार म्हणजे शनिवार. क्लाइव्हने खांदे उडवले. शनिवारी नवख्यांना बेसिक्स शिकवतो, एवढंच, तो म्हणाला. एझरा म्हणाला, बेसिक्स काय, तो बघून शिकेल. पोरगा हुशार आहे.

हे तो म्हणाला. ज्याने चार दिवसांच्या शिक्षणाशिवाय कुणाला बॅगेला हात लावू दिला नव्हता, तो.

दोन मोसम छान गेले. एझरा निवृत्त झालेला होता. दर रविवारी तो पाण्याच्या बाटल्यांची क्रेट घेऊन सीमारेषेवर उभा राहायचा. खेळ त्याला कधी नीट कळला नाही. दर चार पावलांवर सगळे थांबतात, घोळका करून कुजबुजतात, पुन्हा चार पावलं पळतात. हा खेळ आहे की सोसायटीची मीटिंग, असं तो ज्युलिएटला विचारायचा. इथन लाइनबॅकर होता, म्हणजे पुढच्या रांगेच्या मागे उभा राहून बॉल घेऊन घुसणाऱ्या माणसाला खाली पाडणारा. हे पाडणं म्हणजे टॅकल. इथन पाडायचा. धाडकन आवाज यायचा, दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटायची, लोक ओरडायचे. एझराही ओरडायचा.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तसाच आवाज आला आणि इथन उठला, पण त्याचा उजवा हात उठला नाही. तो हात खांद्यापासून लोंबकळत होता आणि इथन तो झटकत होता, ओल्या टॉवेलसारखा. दोन मिनिटांत हात परत आला. इथन हसला, अंगठा वर केला. पण मैदानावरच्या पॅरामेडिकने त्याला पुन्हा आत जाऊ दिलं नाही, आणि गाडीत बसल्यावर एझराला दिसलं की पोराला सीटबेल्टचा खटका लावता येत नव्हता.

थोरली मुलगी शिरा इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. ती त्याच संध्याकाळी आली, भावाची मान सगळीकडून दाबून बघितली आणि त्याला तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारले. मग ती आईवडिलांशी मराठीत बोलली. ती अशी मराठीवर आली की काहीतरी गंभीर आहे हे ओळखून ज्युलिएट गॅस बंद करते. शिरा म्हणाली की मानेतून हातात जाणारी नस ताणली गेली आहे. या वेळी परत आली. पण डोकं खाली घालून आदळलं की मानेचा कणा सरळ काठीसारखा होतो, आणि काठीवर वरून मारलं तर काठी मोडते. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. "आणि बाबा, हा बघत नाही हो. आदळताना हा खाली बघतो."

एझराला वाटलं कुणीतरी आपल्याच वर्गात आपल्याला उभं केलं.

क्लब प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण करून ठेवत असे. एझराने सोमवारपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. गेल्या मोसमाचे नऊ सामने त्याने बघितले, टॅकल आला की थांबवून, मागे नेऊन. प्रत्येक वेळी शेवटच्या पावलाला इथनची हनुवटी छातीला लागलेली, डोळे गवतावर, आणि हेल्मेटचा माथा पुढे, मेंढ्यासारखा. एझरा टेबलावर बोट आपटायचा. "अरे वर बघ. वर बघ ना." पडद्यावरचा इथन ऐकत नव्हता. ज्युलिएट पोळ्या लाटत म्हणाली, "अहो, तो मागच्या वर्षीचा आहे. त्याला आता काय सांगताय?"

बुधवारी तो क्लाइव्हकडे गेला तो भांडायच्या तयारीनेच. कंटेनरच्या दारात उभा राहून त्याने सगळं सुनावलं. दोन वर्षं तुमच्याकडे आहे पोरगा, आणि डोकं कुठे ठेवायचं हे कुणी सांगितलं नाही? आमच्या शेडमध्ये असं चाललं असतं तर मला काढून टाकलं असतं. क्लाइव्हने हेल्मेटचा पट्टा दुरुस्त करता करता सगळं ऐकून घेतलं. मग तो शांतपणे म्हणाला की टॅकल आम्ही शिकवतो. डोळे वर, डोकं धावणाऱ्याच्या बाजूला, त्याच्यासमोर कधीच नाही, टक्कर खांद्याने, हात मांड्यांच्या मागे घट्ट, आणि मग पाय चालवायचे. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. दहा शनिवार लागतात. दर शनिवारी, दहा ते बारा.

एझराने खाली बघितलं.

"तुम्हीच सांगितलं होतं, तो बघून शिकेल," क्लाइव्ह म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "चूक माझीही आहे. मी त्याला उतरवायला नको होता. पण माझ्याकडे माणसं सव्वीस, आणि तुमचा मुलगा मोठा आहे."

माणसं कमी आहेत. एझराने हे वाक्य वीस उन्हाळे ऐकलं होतं आणि वीस उन्हाळे त्याला एकच उत्तर दिलं होतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावून, ब्रेड मोडून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण सगळे खालच्या आवाजात बोलत होते. ज्युलिएटचं मत सोपं होतं. खेळ सोड. इथन म्हणाला, नाही. त्याचे मित्र तिकडे होते. दिवसभर तो एका गोदामात पार्सलांचे रस्ते ठरवायचा, आणि रविवारी एवढंच एक होतं की जे त्याचं होतं. हे सगळं त्याने अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आई, माझा मान ठीक आहे."

"माझी मान," ज्युलिएट म्हणाली. "ठीक आहे की नाही ते शिराने सांगितलं."

एझरा म्हणाला की मग शनिवारी जा आणि शिकून घे.

ज्युलिएटने चमचा खाली ठेवला. तिने शांतपणे नवऱ्याला आठवण करून दिली की रग्बीसाठी शनिवार मोडता येत नव्हता, क्रिकेटसाठीही मोडता येत नव्हता. "जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, हे मलाही माहीत आहे. पण तो डोंगरावर अडकलेला नाही, अहो. तो स्वतःच्या पायाने जाऊन आपटतोय. जीव वाचवायचा तर रविवार बंद करा."

"तो बंद करत नाही ना."

"मग मुलाला सांगा. देवाला कशाला मध्ये घेताय?"

पण खरा तडाखा इथनने दिला. तो शनिवारी जाणार नव्हताच. दोन वर्षं त्याने क्लबमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं की शनिवारी मी नसतो, आमच्यात नसतं. सुरुवातीला पोरं चिडवायची, 'शनवारचा लॉर्ड' म्हणायची. आता कुणी नवा आला की तीच पोरं त्याला बजावतात, इथनला शनिवारी फोन करायचा नाही. आणि आता त्याने जायचं, तेही नवख्यांच्या रांगेत, कॉलेजच्या पोरांबरोबर गुडघ्यावर बसून? "तू मला शिकवला ना डॅड, की आपण नाही जात. आता तूच सांगतो जा?"

एझराला एकाच वेळी अभिमान वाटला आणि त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दोन्ही शक्य नव्हतं, म्हणून त्याने ताटातलं बटाट्याचं भरीत संपवलं.

मग त्याने मधला रस्ता काढून बघितला. मधला रस्ता म्हणजे मागचं अंगण. रविवारी सामना नव्हता. एझराने माळ्यावरची जुनी गादी गुंडाळून दोरीने बांधली, स्वतः तिच्या मागे उभा राहिला आणि इथनला म्हणाला, ये, माझ्या डोळ्यांत बघत ये. इथन आला, आणि शेवटच्या पावलाला खाली बघितलं. पुन्हा. तेच. पुन्हा. एझराने पुठ्ठ्यांवर आकडे लिहिले आणि गादीच्या वर एक एक धरून म्हणाला, आदळताना आकडा मोठ्याने सांग. विमानतळावर ही युक्ती त्याने कित्येकांवर वापरली होती. आकडा वाचायचा तर मान वर करावीच लागते. इथनने लांबूनच आकडा वाचून ठेवला, "सेव्हन" म्हणत मान खाली घातली आणि गादी, बाप आणि पुठ्ठा, तिघांना शेजाऱ्यांच्या कुंपणात नेऊन टाकलं. कुंपणाची एक फळी गेली. शेजारीण बाहेर येऊन बघत राहिली. ज्युलिएटने खिडकी लावून घेतली.

"फसवतोस मला?" एझरा गवतावर बसूनच म्हणाला.

"डॅड, तू गादी आहेस. गादी पळत नाही. मला समजत नाही तो माणूस कुठे जाणार."

हे बरोबर होतं, आणि त्यामुळे एझराचा वैताग दुप्पट झाला. गादीवर टॅकल शिकता येत नाही. बापाकडून तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्याने मुलाच्या पाठीमागे एक गोष्ट केली. तो सकाळी साडेसहाला क्लाइव्हच्या टपालाच्या फेरीवर जाऊन त्याला गाठून म्हणाला, शनिवार केल्याशिवाय त्याला रविवारी उतरवू नका. क्लाइव्ह पत्रं चाळत चालत राहिला. एक लाइनबॅकर गेला तर मोसम जाईल, तो म्हणाला. एझरा म्हणाला, माझ्याकडे वीस वर्षं माणसं कमी होती. क्लाइव्हने पुढच्या तीन घरांची पत्रं टाकली, कुत्र्याला शिव्या दिल्या, आणि मग म्हणाला की दहा शनिवार नाही परवडणार, सहा देतो. सहा शनिवार आणि मी स्वतः बघून पास करीन. पास नाही तर नाही.

सहा. चालता चालता एझराने मनात तेवढंच धरलं. सहा शनिवार, त्यापुढे एकही नाही. याबद्दल तो देवाशी काय बोलला ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण हाउन्सलोच्या फुटपाथवर एक म्हातारा माणूस सकाळी सातला हातवारे करत होता हे दोघातिघांनी बघितलं.

इथनला बुधवारी कळलं. तो घरी आला आणि बापाशी बोलला नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शुक्रवारी त्याने ब्रेड घेतला आणि 'आमेन' म्हणाला, तेवढंच. एझराही बोलला नाही. ज्युलिएटने दोघांची ताटं वाढली आणि म्हणाली की ह्या घरात आता फक्त फ्रिजचा आवाज येतो.

शनिवारी सकाळी साडेआठला इथन कपडे करून खाली आला. शनिवारी ओझंही वाहायचं नाही, म्हणून शूज, पॅड, हेल्मेट सगळं क्लाइव्हने आदल्या दिवशीच कंटेनरमध्ये ठेवून घेतलं होतं. दारात एझरा उभा. खिसे रिकामे, हातात छत्रीसुद्धा नाही, आणि आभाळ भरलेलं.

"कुठे?" इथनने तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुझ्याबरोबर."

"डॅड, चार मैल आहे."

"मला ठाऊक आहे. गाडी नाही घ्यायची. चल."

दोघे चालत गेले. दीड तास लागला, कारण एझराची पाठ विमानतळावरच अर्धी झिजली होती. बस दोनदा त्यांच्या शेजारून गेली. दुसऱ्या वेळी इथनने बसकडे बघितलं, मग बापाकडे, आणि काही न बोलता चाल मंद केली. अर्ध्या रस्त्यात पाऊस आला.

मैदानावर आठ नवखी पोरं होती. त्यातला एक नर्सिंग शिकणारा, एवढासा, साठ किलोचा असेल नसेल. क्लाइव्हने सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं, इथनलाही. गुडघ्यावरून एकमेकांना धरायचं, खांदा मांडीला, डोकं बाहेरच्या बाजूला, डोळे वर. इथन बसला की शेजारच्या पोरापेक्षा वीतभर उंच दिसायचा, वर्गात नापास होऊन राहिलेल्या मुलासारखा. त्याने पहिल्याच धक्क्याला हनुवटी छातीला लावली.

"मान वर!" सीमारेषेवरून आवाज आला.

क्लाइव्हने मागे वळून बघितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा क्लाइव्ह शिट्टी तोंडातून काढून एझरापाशी आला आणि म्हणाला, मिस्टर किहीमकर, ओरडायला सुरुवात करायची तर आधी माझी परवानगी घ्या, नाहीतर ते खुणेचे प्लास्टिकचे शंकू मांडायला मदत करा. एझराने सांगितलं की शनिवारी मी काम करत नाही. क्लाइव्हने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, मग शनिवारी गप्प बसणं तुमच्या धर्मात बसतं ना?

एझरा गप्प बसला. अख्खे दोन तास. त्याच्या मते आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्याने त्या दिवशी केलं. समोर पोरगा चुकतोय, चूक कुठे आहे ते केसाइतकं नेमकं दिसतंय, आणि तोंड उघडायचं नाही. वीस वर्षं "पुन्हा" हा शब्द त्याचा होता. आता तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, आणि तोही टपालवाल्याच्या.

तिसऱ्या शनिवारी पळत येणाऱ्या माणसाला धरायची वेळ आली. साठ किलोचा नर्सिंगवाला इथनच्या अंगावर पळत आला, आणि इथन इतका घाबरला, स्वतःला नव्हे, त्या पोराला लागेल म्हणून, की त्याने डोळे वर ठेवले. खांदा लागला, हात मागे गेले, दोघे हळूच गवतावर आडवे झाले. कुठलाही धाडकन आवाज आला नाही. क्लाइव्ह म्हणाला, हाच टॅकल. इथन बसूनच होता. त्याला वाटत होतं काहीतरी राहिलंय.

परतताना पहिल्यांदा तो आपण होऊन बोलला. म्हणाला, आवाज आला नाही की मला वाटतं मी काहीच केलं नाही. एझरा म्हणाला, बॅग नीट उचलली तरी कुणी टाळ्या वाजवत नाही. इथन म्हणाला, डॅड, सगळं बॅग नसतं. पण हसला.

सहावा शनिवार झाला. क्लाइव्हने इथनला एकामागून एक पंधरा टॅकल करायला लावले, त्यातल्या बारांवर मान डोलावली, तिनांवर तोंड वाकडं केलं आणि पास केलं. घरी जाताना एझराने मनात एक हिशेब बंद केला आणि वरच्याला सांगितलं की आता पुन्हा असं होणार नाही.

जूनच्या तिसऱ्या रविवारी मेडनहेडच्या संघाशी सामना होता. हा जिंकला तर हेरन्स वरच्या गटात. शिरा सुट्टी काढून आली होती. ज्युलिएटही आली होती, पहिल्यांदाच, आणि खुर्ची मैदानाकडे पाठ करून मांडली होती. मला आवाजावरून कळेल, ती म्हणाली. कळलं नाही, कारण इथनच्या बाजूने आवाजच येत नव्हते. तो माणसं धरत होता. कधी पडत होती, कधी दोन पावलं ओढत नेत होती. पूर्वीचा इथन ज्यांना जागच्या जागी आडवं करायचा, ते आता दोन दोन यार्ड जास्त घेत होते. सीमारेषेवरून कुणीतरी ओरडलं, "हिट हिम, इथन!" एझराने त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने टोपी सरळ केली.

शेवटचं एक मिनिट राहिलं. हेरन्स चार गुणांनी पुढे, आणि बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. मेडनहेडचा एक ठेंगणा, जाडजूड पोरगा बॉल छातीशी धरून मधोमध फुटला, आणि त्याच्या आणि रेषेच्या मध्ये फक्त इथन. ठेंगण्याने डोकं खाली घातलं आणि मेंढ्यासारखा आला.

एझराला सगळं दिसलं. मागच्या वर्षीचा इथन काय करेल, ते त्याला पाठ होतं. माथ्याला माथा. पायाखालचं गवत त्याने बुटाने धरून ठेवलं. ज्युलिएट कशाने कोण जाणे, वळली.

इथनने मान वर ठेवली. शेवटच्या पावलाला तो बाजूला सरकला, डोकं बाहेर काढलं, खांदा लावला, हात मागे टाकले. आणि हात सुटले. उजवा हात मांडीच्या मागे गेला, पण डाव्याला तो भेटला नाही. ठेंगणा त्याच्या मिठीतून साबणासारखा निसटला, अडखळला, दोन्ही हात टेकले आणि रेषेपलीकडे पडला. सामना गेला. वरचा गट गेला.

हेरन्सची पोरं जिथे होती तिथे बसली. एकाने हेल्मेट फेकलं. क्लाइव्ह कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होता. सगळ्या मैदानात एकच माणूस होता, ज्याने छातीत धरलेला श्वास सोडला होता, आणि त्याला हे चेहऱ्यावर दाखवायची सोय नव्हती.

इथन उठला. स्वतःच्या पायांनी, सरळ, बापाच्या दिशेने. हेल्मेट काढलं तेव्हा डोळे लाल होते.

"पूर्वीसारखा मारला असता तर तो पडला असता."

"पडला असता," एझरा म्हणाला.

"आपण जिंकलो असतो."

"जिंकला असतात."

"मग काहीतरी बोल ना, डॅड."

शिरा मध्ये आली, भावाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, बोटं दाबायला सांगितली, हाताला मुंग्या येतायत का विचारलं. तो वैतागून नाही नाही म्हणत होता. मान फिरव, ती म्हणाली. त्याने फिरवली, डावीकडे, उजवीकडे. ज्युलिएट जवळ आली आणि पदराने, म्हणजे अंगावरच्या स्कार्फने, त्याच्या कपाळावरचा चिखल पुसला.

एझराला पुष्कळ बोलायचं होतं. मान बरोबर होती, पावलं बरोबर होती, डोकं अगदी बरोबर होतं. पण हरलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे जळत्या घरासमोर पाया चांगला घातला होता म्हणणं. तो म्हणाला, "हात सुटले."

"मला माहितीये हात सुटले," इथन म्हणाला. पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायला, अर्धी डोक्यावर ओतली. मग मागच्या वेळी बापाशी किती दिवस बोललो नव्हतो हे आठवल्यासारखा जरा नरम आवाजात म्हणाला, "क्लाइव्हने सांगितलेलं, पकड सेवंथ आणि एट्थ वीकला करतो. आपण सहाला थांबलो ना. शनिवारी जायला लागेल. अजून दोन. कदाचित चार."

एझराने बोटांवर मोजून बघितलं.

"सहा ठरले होते," तो म्हणाला.

"कोणाशी?"

याचं उत्तर मैदानावर, एवढ्या लोकांसमोर, देता येण्यासारखं नव्हतं. एझराने क्रेट उचलली. पलीकडे क्लाइव्ह ओरडून सगळ्यांना बोलावत होता, आणि मुलगा तिकडे जायच्या ऐवजी अजून समोर उभा होता, वाट बघत.

"एकटा जाईन मी," इथन म्हणाला. "तुझा पाठ दुखतो."

"पाठ दुखते," ज्युलिएट म्हणाली.

"चार मैल तू एकटा चालणार नाहीस," एझरा चिडून म्हणाला. "दुसऱ्या मैलाला बसमध्ये चढशील. मला माहीत नाही का तू. साडेआठला तयार राहा. आणि क्लाइव्हला सांग, या वेळी मी तोंड मिटून उभा राहणार नाही."